वखारचाळीची सामाईक हिरवळ

वखारचाळीतल्या बारा बिऱ्हाडांनी रावजी सुर्व्यांना चिटणीस केलं ते त्यांचं अक्षर बघून. अकलेचा प्रश्न सभेत निघालाच नाही. अध्यक्ष कोण, यावर दोन तास वाद होऊन तो पुढच्या रविवारवर गेला होता, आणि चाळीच्या मालक मंडळाकडून आलेल्या पत्राची पोच तर त्याच आठवड्यात धाडायची होती. तेव्हा एस.टी.त कंडक्टर असलेला दादू मयेकर म्हणाला की अध्यक्ष मागाहून ठरवू, आधी लिहिणारा ठरवा. सगळ्यांनी रावजींकडे पाहिलं. रावजींनी नको नको म्हणत खिशातलं पेन काढलं. अध्यक्ष शेवटपर्यंत ठरला नाही.

हे १९८३ सालचं. चाळ रत्नागिरीच्या बाजारपेठेला पाठ लावून, एका जुन्या मिठाच्या वखारीच्या जागेवर उभी होती. सहा खोल्या इकडे, सहा तिकडे, मधे अंगण आणि अंगणात एक फणस. मालक किनारपट्टी गृहयोजना मंडळ. बांधली तेव्हा ती गरिबांसाठी होती. पुढे त्यातले गरीब एकेक करून कारकून, कंडक्टर आणि शिपाई झाले, भाडं मात्र गरिबांचंच राहिलं, आणि छप्परही. पावसाळ्यात कुठल्या खोलीत किती भांडी मांडावी लागतात यावरून घराण्याची पत ठरायची.

तर मंडळाचं पत्र असं होतं: चाळ पाडून तिथं तीन मजली इमारत बांधायची. तळाला रस्त्याच्या अंगाला सहा दुकानं, वर बारा घरं, आणि मागे फणसासकट सगळ्यांसाठी एक 'सामाईक हिरवळ'. दुकानं चाळीतल्याच लोकांना, चिठ्ठ्या टाकून. अट एकच. मार्चअखेर बाराही बिऱ्हाडांच्या सह्या हव्यात, अकरा चालणार नाहीत.

पत्र आलं त्या दिवशी रावजींची बायको दमयंती म्हणाली, "अहो, मला एक दुकान हवं."

रावजी जेवता जेवता थांबले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. यापूर्वी दमयंतीनं तोंडानं मागितलेली वस्तू म्हणजे एक रॉकेलचा स्टोव्ह, आणि तोही देवरूखच्या बाजारात स्वस्त मिळतो म्हणून रावजींनी चार वर्षं लांबवला होता. खोलीच्या खिडकीतून ती चौदा वर्षं कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ आणि फणसपोळी विकत होती. खिडकी उंच. गिऱ्हाइकाला चवड्यांवर उभं राहून हाक मारावी लागायची, आणि पावसाळ्यात त्याच्या छत्रीचं पाणी थेट रावजींच्या उशीवर पडायचं. तिच्या हाताला चव होती, गिऱ्हाईक होतं, नव्हती ती फक्त जागा. रावजी म्हणाले, "दुकान तुझंच समज." बारांतून सहा चिठ्ठ्या निघणार, म्हणजे आठ आणे तरी खरं होतं. उरलेले आठ आणे चिटणीसपणावर सुटतील असं त्यांना मनातून वाटत होतं. वाटण्याला काही कायद्यानं बंदी नाही.

सह्या म्हणजे आठ दिवसांचं काम, असा त्यांचा हिशेब होता. पहिल्याच दारात तो चुकला. येसूबाई ही चाळीतली सर्वांत जुनी भाडेकरीण, एकटी, पंचाहत्तरीची. तिनं कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि हिरवळीत फणस कुणाचा राहणार ते विचारलं. रावजी म्हणाले, सामाईक. येसूबाईनं कागद परत दिला. फणस तिच्या सासऱ्यानं लावलेला होता. मुळं कुणाच्याही खोलीखाली गेलेली असोत, फळ तिचं होतं.

दुसऱ्या दारात दादू. दादूला फणसाचं काही नव्हतं. त्याला त्या शब्दाचंच वावडं होतं. "रावजीभाऊ, सामाईक म्हंजे काय ता आमाला शिकवू नका," तो म्हणाला. "गावाला माजी सामाईक जमीन हाय. चौदा वर्सं झाली, चौदा जनांची हाय, आनि नांगर कुनाचाच लागला नाय."

खरं तर हे रावजींना दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. ते मोजणी खात्यात कारकून. तीस वर्षं त्यांच्या टेबलावरून जिल्ह्यातली भांडणं गेली होती. सावर्ड्याकडच्या दोन चुलतभावांनी एका काजूच्या सावलीसाठी सात वर्षं दावा चालवलेला त्यांनी स्वतः पाहिला होता. काजू पाचव्या वर्षी वठला, दावा तसाच चालू राहिला. कोकणात माणूस भावाला जेवायला बोलावील, त्याच्या मुलीच्या लग्नात पंक्ती वाढील, पण त्यानं हद्दीवर रचलेल्या गडग्याचा चिरा वीतभर सरकलेला त्याला खपत नाही. हे सगळं ठाऊक असलेल्या माणसानं खरं म्हणजे तिथंच पेन बंद करून खिशात ठेवायला हवं होतं.

पण मार्च जवळ येत होता आणि दमयंती काही न बोलता दुकानात लागणाऱ्या बरण्या मोजत होती. शेवटी रावजींनी एक युक्ती काढली. युक्ती कसली, तीस वर्षांच्या नोकरीचं सारच होतं ते. ऑफिसातून उरलेलं ट्रेसिंगचं कापड आणून त्यांनी अंगणाचा नकाशा काढला आणि त्याचे बारा सारखे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याला नंबर, प्रत्येक नंबरापुढे नाव. फणसाची फळं आळीपाळीनं, पहिलं येसूबाईचं. मंडळाच्या कागदावर सामाईक, आपसात ज्याचं त्याला. हा नकाशा चाळीबाहेर जायचा नाही, फक्त मनाच्या समाधानासाठी, असं त्यांनी घरोघर समजावलं. दोन दिवसांत बाराही सह्या झाल्या. रावजींनी नकाशा भिंतीवर लावून लांबून पाहिला. इतकं सुबक काम त्यांच्या हातून सरकारसाठीसुद्धा झालं नव्हतं.

कोकणातल्या माणसाच्या हातात हिश्श्याचा नकाशा दिला की तो पहिली गोष्ट काय करतो, हे मोजणी खात्याच्या कारकुनाला कळू नये याचं आश्चर्य वाटतं. तो गडगा घालतो. वखारीच्या पडक्या जोत्याचे चिरे चाळीमागे ढिगानं पडले होते. पहिला गडगा दादूनं घातला, कारण शेजारच्या बाबू शेट्याची कोंबडी आपल्या हिश्श्यात येते असं त्याचं म्हणणं होतं. दादूनं घातला म्हणून बाबूनं घातला. दोघांनी घातला म्हणून तिसऱ्याला आपली हद्द उघडी वाटायला लागली. पंधरा दिवसांत चाळीच्या अंगणात कमरेइतके बारा गडगे उभे राहिले. हिस्सा आठ फूट बाय दहाचा आणि गडगा दीड फूट जाडीचा, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मालकाला आत उभं राहण्यापुरतीच जागा उरली. बाबू आत जायला वाट ठेवायची विसरला आणि कोंबडीला चारा घालायला रोज चढून जाऊ लागला. तरी प्रत्येकानं आत एकेक माड लावला. रावजींनीही आपला गडगा घातला. चिटणिसाचा हिस्सा उघडा बरा दिसत नाही, असं दादूच म्हणाला होता.

एप्रिलात मंडळाचा साहेब जागा बघायला आला. पायात बूट, हातात फीत, बरोबर टोपी घातलेला शिपाई. फणसापर्यंत पोहोचायला त्याला पाच गडगे ओलांडावे लागले. चौथ्यावर त्याची विजार अडकली. रावजींनी ती मोठ्या अदबीनं सोडवली.

"हे काय आहे?" साहेबानं विचारलं.

"गडगे, साहेब."

साहेबाच्या छापील तक्त्यात विहिरीचा रकाना होता, झाडांचा होता, पडक्या बांधकामाचाही होता. गडग्याचा नव्हता. त्यानं मुख्य कार्यालयाकडे मार्गदर्शन मागितलं. महिन्याभरानं तिकडून उलट विचारणा आली की 'गडगा' म्हणजे काय, ते कायम स्वरूपाचं बांधकाम समजावं की हंगामी, आणि त्याचा वापर कोण करतं, याचा तपशील तीन प्रतींत पाठवावा. तो तपशील अर्थातच रावजींनी लिहिला. कार्बन घालून दीड पान. त्यात गडग्याला माती-चुना लागत नाही, तो हातानं उतरवता येतो, आणि त्याचा वापर मुख्यत्वे शेजाऱ्याला दाखवण्यासाठी होतो, असं सगळं आलं होतं. मुख्य कार्यालयानं तपशिलाबद्दल समाधान व्यक्त केलं आणि निर्णय कळवला. मोकळी जागा सलग आणि सामाईक असेल तरच नियमानुसार दुकानं देता येतात. तुकडे पडलेले असल्यास फक्त घरं मिळतील, दुकानं रद्द. पुढच्या सोमवारी साहेब पुन्हा येईल आणि जे दिसेल ते लिहून नेईल.

रावजी पत्र घेऊन दारोदार हिंडले. गडगा काढायला कुणाचीच हरकत नव्हती. प्रत्येक जण फक्त शेजाऱ्यानं आधी काढायची वाट पाहत होता. बाबू म्हणाला, दादूचा आधी. दादू म्हणाला, ज्यानं नकाशा काढला त्याचा आधी, आणि वर असंही म्हणाला की शिकलेल्या माणसानं नकाशे काढावेत आणि अडाण्यांनी चिरे उचलावेत ही रीत जुनीच आहे. हे त्यानं चार माणसांत म्हटलं. रावजींना ते फार लागलं. ज्या माणसाला विजार सोडवण्यापासून कार्बन घालण्यापर्यंत सगळं यांच्यासाठी करावं लागलं, त्याच्या वाट्याला हे यावं. घरी येऊन त्यांनी दमयंतीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग दुकान गेलंच म्हणायचं." तिनं बरण्या परत माळ्यावर चढवल्या. 

शनिवारी सकाळी ते आप्पा भाटकरांकडे गेले. आप्पा चाळीतल्या पुरुषांत सर्वांत वडीलधारे. जन्म गलबतांवर खलाशी म्हणून काढलेला आणि आता देवाधर्माच्या कामात चाळीचा शब्द त्यांचा. नव्या बांधकामाची कुदळ पडण्यापूर्वी जागेवाल्याला नारळ द्यायचा हे ठरलेलंच होतं. जागेवाला म्हणजे त्या जागेचा राखणदार देव. त्याला विचारल्याशिवाय कोकणात कुणी खड्डाही खणत नाही, मग मंडळाचा शिक्का असो की नसो. रावजींनी हळूच सुचवलं की नारळ उद्याच देऊन टाकू, आणि गाऱ्हाणं घालताना त्यात गडग्यांचं एक वाक्य घाला. आप्पांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "घालतू. पन गाऱ्हानं एकदा सुरू झालं का माज्या हातात नसतं, रावजी." रावजींना तेवढंच हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच आपण काही कपट केलं आणि ते साधलं, अशा खुशीत ते परतले.

गाऱ्हाण्याची रीत अशी की एक जण देवापुढे मागणं बोलतो आणि बाकीचे सगळे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. पाळण्यातून उतरल्यापासून हे कानावर असल्यामुळे तोंड आपोआप उघडतं. मागणं काय होतं हे पुष्कळदा मागाहून लक्षात येतं.

रविवारी सकाळी फणसाच्या बुंध्याशी नारळ ठेवला. पुरुष आपापल्या गडग्यांच्या आत हात जोडून उभे राहिले, बायका खोल्यांच्या पायऱ्यांवर. आप्पांनी डोळे मिटले.

"बा गावदेवा म्हाराजा, ह्या जागेच्या जागेवाल्या म्हाराजा, आज ही बारा घरांची लेकरं तुज्या पायाशी उभी हायत. त्येंच्या जागंला कुदळ लागायची हाय, ती सुखरूप लागू दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कुनाची दिष्ट आसंल, कुनाचा वाईट डोळा आसंल, तो धा कोस लांब टाक म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनि ह्या लेकरांनी तुज्या आंगनात जे काय गडगे घातले हायत, ते आज दिस बुडायच्या आत ज्येचे त्येनी आपल्या हातानं उतरू देत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे जण म्हणाले. दादूचं तोंड उघडंच राहिलं. बाबूनं आपल्या कोंबडीकडे पाहिलं. रावजींनी मान खाली घालून हसू दाबलं.

आप्पांचे डोळे मिटलेलेच होते. "आनि ज्या रावजीच्या हातात ह्या चाळीची लेखनी हाय, त्येच्यावर कुनाचा किंतू नको, कुनाचं बोट नको. म्हनून दुकानाच्या चिठ्ठीत त्यो आपलं नाव घालनार नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

त्यात सर्वांत मोठा आवाज रावजींचा होता.

आपण काय म्हणालो हे त्यांना नारळ फुटल्यावर कळलं. त्यांनी पायरीकडे पाहिलं. दमयंती नैवेद्याचं ताट धरून उभी होती. तिनं ताट येसूबाईच्या हातात दिलं आणि ती आत गेली. आप्पांनी खोबऱ्याचा पहिला तुकडा रावजींच्या हातावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. त्यांना वाटत होतं तेच ते बोलले होते, आणि लोकांच्या माना ज्या रीतीनं हलल्या त्यावरून चाळीलाही तेच वाटत होतं. रावजींना तोंड द्यायला भांडण हवं होतं, तेही मिळालं नाही.

दिवसभर अंगणातून चिरे पडण्याचे आवाज येत राहिले. देवाला दिलेला शब्द, तो कुणी मोडणार नव्हतं. दादूनं आपला गडगा सर्वांत आधी उतरवला आणि येसूबाईचाही उतरवून दिला. रावजी खोलीत बसून होते. उन्हं कलायला आली तेव्हा ते म्हणाले, "तोंडातून गेलं ते. मी उद्या आप्पांना सांगतो, की तो होकार काही खरा..."

"काही सांगू नका," दमयंती म्हणाली. "बाहेर अकरा गडगे त्याच होकारावर उतरलेत. तुमचा खोटा ठरला तर त्यांचाही खोटा ठरेल, आणि साहेबाला सकाळी पुन्हा बारा दिसतील. मग दुकान कुणालाच नाही." तिनं दाराकडे बोट केलं. "आपलाच तेवढा राहिलाय. तो उतरवा जा."

रावजी बाहेर गेले. चिरे उचलताना त्यांना रडू आलं. सव्वीस वर्षांत दोनदा मागितलं, आणि दोन्ही वेळा आपण काय केलं, हे त्यांच्या मनातून जाईना. डोळे पुसायला त्या अंगणात आता एकसुद्धा आडोसा उरला नव्हता. दादू येऊन शेवटचे चार चिरे उचलू लागला.

सोमवारी साहेबानं 'सलग व सामाईक' असं लिहून नेलं. पुढची तीन वर्षं पत्र्याच्या शेडांत गेली. त्यांचं वर्णन करण्यात अर्थ नाही, ज्यांनी पत्र्याखाली मे महिना काढलाय त्यांना ते ठाऊक आहे. १९८६ च्या दिवाळीनंतर इमारत उभी राहिली आणि चिठ्ठ्यांचा दिवस आला. रावजींनी स्वतःच्या हातानं अकरा नावं लिहिली. चिठ्ठ्या उचलायच्या कुणी, यावर अर्थातच वाद झाला. प्रत्येकाचं काहीतरी अडकलेलं होतं. जिचं काहीच अडकलेलं नाही अशी एकच बाई सगळ्यांना दिसली, आणि त्यांनी दमयंतीला बोलावलं.

ती आली, पदर खोचून चिठ्ठ्यांच्या तांब्यापुढे बसली आणि तिनं एकामागून एक सहा दुकानं आपल्या हातानं दुसऱ्यांना दिली. येसूबाई. दादू. बाबू. आणखी तिघं. नाव वाचायचं काम रावजींचं होतं. चौथी चिठ्ठी त्यांनी न वाचताच तिच्याकडे परत केली, तेव्हा तिनंच ती वाचली. सहावी झाल्यावर ती उठली आणि राहिलेल्या पाच चिठ्ठ्या तशाच तांब्यात ठेवून घरी गेली.

दुकान मिळाल्याचा आनंद चाळीला आठवडाभर पुरला. नंतर प्रश्न आला की दुकानात ठेवायचं काय. सातव्या दिवसापर्यंत ही गोष्ट कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. पिढ्यान् पिढ्या या लोकांनी भात पिकवला होता, गलबतं हाकली होती, तिकिटं फाडली होती, पण विकलं काही नव्हतं. बाबूनं रंगीत बटणं आणून ठेवली, दोन महिन्यांत चार गेली. एकानं आपलं दुकान केशकर्तनालयाला दिलं. एका दुकानाला कुलूप लागलं, कारण चिठ्ठी निघाल्याचं कळताच मालकाचा मुंबईचा भाऊ निम्मा हिस्सा मागायला आला. येसूबाई रिकाम्या फळीसमोर खुर्ची टाकून बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला तू कुणाचा म्हणून विचारायची.

शेवटी तीच दमयंतीकडे गेली. "बाय, माज्या फळीवर तुजं आगळ ठेव," ती म्हणाली. "लोक ईतात आनि माजं तोंड बगून जातात." आगळ ठेवलं, ते चार दिवसांत संपलं. मग दादूची बायको आली, मग बाबू बटणं गुंडाळून आला. शिमग्यापर्यंत सहापैकी चार दुकानांत दमयंतीचाच माल होता. कुणाला किती द्यायचं, कुणाचं राहिलं, हे तीच ठरवत होती. पहिल्या मजल्यावरच्या तिच्या नव्या खिडकीखाली आता दुकानदार उभे राहून हाका मारत. बंद पडलेलं दुकान मिळवून देऊ का, असं रावजींनी एकदा भीत भीत विचारलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातात ढवळणं दिलं.

१९८७ चा मे महिना. फणस लागला होता आणि चार दुकानांना फणसपोळी हवी होती. रावजींनी चौतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा फणसासाठी रजा टाकली. बनियन, पंचा आणि हाताला तूप अशा वेषात ते सकाळपासून हिरवळीवर होते. हिरवळ दिसत नव्हती. बाराही घरांतली ताटं, पराती, सुपं, येसूबाईचा पाट, सगळं तिच्यावर पसरलं होतं आणि सगळ्यांवर फणसाचा रस वाळत होता. दादू कावळे हाकत होता.

मंडळाचा साहेब न कळवता आला. तोच तो, आता चष्मा लागलेला. हिरवळ राखली आहे की नाही हे पाहून त्याला दाखला द्यायचा होता. ताटांमधून वाट काढत तो मधोमध येऊन उभा राहिला आणि त्यानं चारी बाजूंना पाहिलं.

"चिटणीस कोण? हा काय प्रकार आहे? जागा सामाईक आहे ना?" त्यानं विचारलं. "मग हा माल कुणा एकाचा इथे कसा?"

दादूनं काठी खाली केली. वरच्या खिडकीत दमयंती उभी होती. साहेबासमोर कधी बसून न बोललेले, त्याची विजार अदबीनं सोडवणारे रावजी सुर्वे उकिडवे बसल्या जागेवरून उठलेसुद्धा नाहीत.

"साहेब, जरा त्या बाजूला व्हा," ते म्हणाले. "तुमची सावली तिच्या पोळीवर पडते आहे."